कुत्र्याच्या कातडीवरील गाठी : किती सर्रास, किती घातक

पाळीव कुत्र्याच्या शरीरात अर्बुद होण्याची सर्वांत नेहमीची जागा म्हणजे त्याची त्वचा आणि तिच्या लगत खाली असलेला चरबीचा व मऊ ऊतींचा थर. अर्बुद म्हणजे शरीराचे नियंत्रण झुगारून वाढत राहिलेल्या पेशींचा पुंजका. तो जागच्या जागी राहून केवळ आकाराने वाढत असेल तर त्याला सौम्य म्हणतात, आणि आजूबाजूच्या भागात घुसत असेल किंवा रक्तावाटे व लसिकावाहिन्यांवाटे दूरच्या अवयवांत पोहोचत असेल तर त्याला घातक अर्बुद, म्हणजेच कर्करोग, म्हणतात. कुत्र्यांत आढळणाऱ्या एकूण अर्बुदांपैकी ढोबळमानाने एक-तृतीयांश त्वचेत किंवा त्वचेखाली असतात आणि त्यांतील बहुतांश सौम्य निघतात. घातक गाठींचे प्रमाण पशुवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत साधारणतः २० ते ४० टक्के दिलेले असते. या माहितीवरून काही घरांत प्रत्येक फोडाला कर्करोग समजून धसका घेतला जातो, तर त्याहून कितीतरी अधिक घरांत ‘म्हाताऱ्या कुत्र्याला गाठी यायच्याच’ असे म्हणून त्या वर्षानुवर्षे तशाच ठेवल्या जातात. यांपैकी दुसरी चूक अधिक महागात पडते, कारण गाठ सौम्य असण्याची शक्यता जास्त असली तरी समोरची गाठ सौम्य आहे की नाही हे त्या शक्यतेवरून कळत नाही.

‘किती सर्रास’ या प्रश्नाचे उत्तर गाठी कोणी मोजल्या आणि कोठे मोजल्या यावर बरेच अवलंबून असते. ब्रिटनमध्ये १९९७-९८ या काळात विमा उतरवलेल्या सुमारे १,३०,००० कुत्र्यांच्या दाव्यांवरून एक अंदाज बांधण्यात आला आणि २००२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यानुसार दर एक लाख कुत्र्यांमागे वर्षाला त्वचा व मऊ ऊतींची १,४३७ अर्बुदे नोंदली गेली, तर त्याखालोखाल असलेल्या पचनमार्गाच्या अर्बुदांचे प्रमाण त्यापेक्षा कितीतरी कमी होते. म्हणजे एका वर्षात साधारण ७० कुत्र्यांमागे एक. हाच दर बारा वर्षे कायम राहतो असे धरले, तर सहा कुत्र्यांपैकी जवळपास एकाला आयुष्यात केव्हातरी अशी गाठ येते. प्रत्यक्षात हा दर वयाबरोबर चढत जातो, आणि विम्याचा दावा न करता सोडून दिलेल्या बारीक गाठी या मोजणीत येतच नाहीत, म्हणून खरा आकडा याहून वरचाच असणार. याउलट अमेरिकेत कॅलिफोर्नियातील दोन काउंट्यांत १९६० च्या दशकात झालेल्या पाहणीत केवळ घातक अर्बुदे मोजली गेली, आणि तेथे शरीराच्या सर्व भागांचे मिळून एक लाख कुत्र्यांमागे वर्षाला सुमारे ३८१ रुग्ण आढळले. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. पहिल्यात साध्या चरबीच्या गाठीही आहेत आणि दुसऱ्यात फक्त कर्करोग आहे, एवढाच फरक आहे. समाजमाध्यमांवर हे आकडे एकत्र मिसळून फिरतात आणि वाचणाऱ्याला विनाकारण घाबरवतात.

भारतात विमा असलेली कुत्री फार थोडी असल्यामुळे अशी मोजणी करणे अवघड आहे. येथे जी माहिती मिळते ती बहुतेक पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत आलेल्या रुग्णांची असते, आणि ज्या गाठी दवाखान्यापर्यंत येतच नाहीत त्या तिच्यात नसतात. तरीही एक गोष्ट ठळक दिसते : जेथे कुत्र्यांची नसबंदी उशिरा होते किंवा होतच नाही, तेथे संप्रेरकांवर पोसल्या जाणाऱ्या आणि समागमातून पसरणाऱ्या गाठी अधिक दिसतात. परदेशी पुस्तकांतील क्रमवारी जशीच्या तशी पुण्या-मुंबईच्या किंवा साताऱ्या-सांगलीच्या कुत्र्यांना लावू नये, याचे हे एक कारण आहे.

सर्वांत नेहमीची गाठ म्हणजे लायपोमा, अर्थात चरबीची गाठ. अमेरिकेतील पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या १९६४ ते २००२ या काळातील नोंदींत त्वचेची अर्बुदे असलेली सुमारे २६,००० कुत्री होती. त्यांत लायपोमा सुमारे २७ टक्के, ग्रंथींच्या सौम्य गाठी १४ टक्के आणि मास्ट सेल ट्यूमर ११ टक्के होते. लायपोमा मध्यम वयाच्या व वजन वाढलेल्या कुत्र्यांत, विशेषतः लॅब्रॅडॉरमध्ये, छातीच्या कडेला, पोटावर किंवा काखेत येतो, बोटाखाली मऊ लागतो आणि सहज सरकतो. काखेत तो मोठा होऊन चालणे अडवू लागला तर काढावा लागतो, एरवी त्याला हात लावण्याची गरज नसते. दुसरी नेहमीची गाठ त्वचेतील तेलग्रंथींची असते. ती कॉकर स्पॅनियल व पूडल यांच्या म्हातारपणी चामखिळीसारखी, फुलकोबीच्या पृष्ठभागाची, अनेक ठिकाणी उगवते. ती निरुपद्रवी असली तरी कंगव्यात अडकून किंवा चाटून रक्ताळते.

तरुण कुत्र्यांत, विशेषतः पहिल्या दोन-तीन वर्षांत, चेहरा, कानाची पाळी किंवा पाय यांवर शर्टाच्या बटणासारखी गोल, लाल, केस नसलेली गाठ एक-दोन आठवड्यांत उगवते, ती हिस्टिओसायटोमा असण्याची शक्यता मोठी असते. ब्रिटनच्या वर उल्लेखिलेल्या अंदाजात एकट्या प्रकारांमध्ये हिचाच पहिला क्रमांक, दर लाखी ३३७, होता. तिचे वैशिष्ट्य असे की कुत्र्याच्या स्वतःच्या प्रतिकारपेशी तिच्यात शिरतात आणि बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांत ती आपोआप विरून जाते. या काळात स्टेरॉइड दिले, तर तिला संपवणाऱ्या पेशीच दबतात आणि गाठ रेंगाळते. तोंडात व ओठांवर पिल्लांना येणारे विषाणूजन्य मसही असेच काही आठवड्यांत गळून जातात.

नसबंदी न झालेल्या वयस्क नरांत गुदद्वाराभोवती येणाऱ्या ग्रंथींच्या गाठी आपल्याकडे पुष्कळ दिसतात. त्या नर संप्रेरकावर वाढतात; त्यामुळे बहुतेक सौम्य गाठी नसबंदीनंतर आक्रसतात आणि शस्त्रक्रियेचे काम सोपे होते. ‘त्याला आता या वयात कशाला’ असे म्हणून नसबंदी टाळणारे पालक नंतर फुटलेली, सतत चाटली जाणारी आणि माश्या बसणारी गाठ घेऊन येतात. पावसाळ्यात तिच्यात अळ्या पडण्याचा धोका वेगळाच. मादीच्या पोटाखाली स्तनांच्या दोन ओळींत येणारी गाठ ही काटेकोरपणे त्वचेची नसते, पण हाताला ती तशीच लागते. तिला मात्र वाट पाहण्याची मुभा नाही, कारण कुत्रीच्या स्तनातील अर्बुदांपैकी सुमारे निम्मी घातक असतात. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिल्या माजापूर्वी नसबंदी केलेल्या मादीत हा धोका अर्ध्या टक्क्यापर्यंत, एका माजानंतर ८ टक्के आणि दोन माजांनंतर २६ टक्के इतका उरतो असे आढळले होते. पुढील काळात या पुराव्याच्या भक्कमपणाबद्दल शंका घेतल्या गेल्या आहेत, तरी लवकर केलेल्या नसबंदीने धोका घटतो हे मत पशुवैद्यकात सर्वसाधारणपणे टिकून आहे.

संसर्गाने पसरणारे लैंगिक अर्बुद, ज्याला दवाखान्यांत टीव्हीटी म्हणतात, हा प्रकार जगावेगळा आहे. यात विषाणू किंवा जिवाणू नव्हे, तर अर्बुदाच्या जिवंत पेशीच एका कुत्र्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाऊन रुजतात. रशियन पशुवैद्य नोविन्स्की यांनी १८७६ मध्येच या पेशींचे प्रत्यारोपण करून दाखवले होते, आणि आज जगभर आढळणाऱ्या या गाठी काही हजार वर्षांपूर्वी जगलेल्या एकाच प्राण्याच्या पेशींपासून आल्या आहेत असे जनुकीय अभ्यास सांगतात. गाठ जननेंद्रियावर लाल, ठिसूळ, फुलकोबीसारखी दिसते, तिच्यातून रक्त टपकते, आणि हुंगण्या-चाटण्यामुळे कधी नाकात, ओठांवर किंवा त्वचेवरही ती उगवते. मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांची संख्या मोठी असल्यामुळे भारतात तिचे प्रमाण लक्षणीय आहे, आणि फाटकाबाहेर निसटलेली घरची कुत्रीही तिच्यातून सुटत नाही. मादीच्या योनीतून माज नसताना रक्त येत असेल तर ‘पाळी लांबली’ असे समजून गप्प बसू नये. दिलासा इतकाच की व्हिन्क्रिस्टीन या औषधाची आठवड्यातून एक अशी साधारण चार ते सहा इंजेक्शने दिल्यावर बहुसंख्य कुत्री पूर्ण बरी होतात.

सर्वांत अधिक सावध राहावे ते मास्ट सेल ट्यूमरविषयी. मास्ट पेशी या ॲलर्जीच्या प्रतिक्रियेत भाग घेणाऱ्या पेशी असून त्यांच्यात हिस्टामिन व इतर रसायनांनी भरलेले कण असतात. या पेशींची गाठ कोणतेही सोंग घेऊ शकते : कधी ती वर्षभर न वाढणारी किरकोळ पुटकुळी असते, कधी केस गेलेला लाल चट्टा, तर कधी त्वचेखाली मऊ लागणारी, चरबीची वाटावी अशी. तिला दाबले, चोळले किंवा खाजवले की रसायने बाहेर पडतात आणि गाठ व तिच्याभोवतीचा भाग काही मिनिटांत सुजून लाल होतो. पुढे ती पुन्हा लहान होते. म्हणून ‘गाठ कमी-जास्त होते’ हे पालकाचे वर्णन ऐकताच अनुभवी पशुवैद्याच्या मनात प्रथम हिचेच नाव येते. हेच हिस्टामिन रक्तातून जठरात पोहोचून आम्लस्राव वाढवते, त्यामुळे काही कुत्र्यांना उलट्या, जठरात व्रण आणि डांबरासारखी काळी शी असा त्रास होतो. बॉक्सर, बोस्टन टेरियर, पग, लॅब्रॅडॉर व गोल्डन रिट्रीव्हर या जातींत ही गाठ अधिक आढळते आणि सरासरी वय आठ-नऊ वर्षांचे असते. शहरांत पग, लॅब्रॅडॉर व गोल्डन यांचीच चलती असल्यामुळे ही यादी लक्षात ठेवण्याजोगी आहे. मात्र पगच्या अंगावर आली म्हणून प्रत्येक गाठ घातक नसते, आणि देशी कुत्र्याच्या अंगावर आली म्हणून ती निर्धोकही ठरत नाही.

उरलेल्यांपैकी मऊ ऊतींचा सार्कोमा हा प्रकार हळूहळू वाढणारा व घट्ट असतो. तो दूर क्वचित पसरतो, पण आजूबाजूला अदृश्य तंतू सोडत असल्याने अपुरा कापला तर परत येतो. पांढऱ्या, विरळ केसांच्या आणि उन्हात उताणे लोळण्याची सवय असलेल्या कुत्र्यांच्या पोटावर उन्हामुळे स्क्वॅमस पेशींचा कर्करोग होऊ शकतो. केसाळ त्वचेवरील काळी मेलॅनोमा गाठ बहुधा सौम्य असते, परंतु तीच नखाच्या मुळाशी, ओठावर किंवा तोंडात आली तर बहुधा घातक ठरते. एकाच पायाचे एकच बोट सुजून नख सतत तुटत असेल, तर महिनोन्‌महिने प्रतिजैविके देत बसण्यापूर्वी त्या बोटाचा एक्स-रे काढून घ्यावा.

दिसणारी प्रत्येक गाठ अर्बुद नसते, हेही खरे. रक्त पिऊन टम्म फुगलेली गोचीड, नर कुत्र्याचे स्तनाग्र, लसीच्या जागी आलेली सूज, चावाचावीनंतरचे गळू, कानाच्या पाळीत साठलेले रक्त आणि चिकट द्रव भरलेली गाठोडी यांची गाठ म्हणून नोंद दवाखान्यांत रोज होते. नराला स्तनाग्रे असतात हे माहीत नसल्याने ती चामखीळ समजून दोऱ्याने बांधली गेल्याची उदाहरणेही पशुवैद्यांना नवीन नाहीत.

घरी करावयाची तपासणी साधी आहे आणि ती महिन्यातून एकदा, आंघोळीच्या किंवा केस विंचरण्याच्या वेळी करावी. दोन्ही हातांचे तळवे केसांखाली कातडीला टेकवून हनुवटीपासून सुरुवात करावी, मग कानांच्या पाळ्या, मान, काखा, छातीच्या बाजू, पोट, जांघा, शेपटीचे मूळ आणि गुदद्वाराचा परिसर या क्रमाने जावे, ओठ उचलून हिरड्या पाहाव्यात आणि शेवटी प्रत्येक पंजाची बोटे फाकवून त्यांमधली त्वचा पाहावी. आपल्या नजरेतून सुटणाऱ्या गाठी बहुतेक काखेत, जांघेत आणि बोटांच्या बेचक्यातच असतात. गाठ सापडली की तिच्यावरचे केस थोडे कातरावेत, शेजारी एक रुपयाचे नाणे धरून छायाचित्र घ्यावे आणि तारीख, जागा, मिलिमीटरमध्ये आकार, कठीण की मऊ, सरकणारी की खाली चिकटलेली हे एका वहीत लिहावे. गाठ दाबून पाहण्याचा मोह मात्र टाळावा. एक महिना टिकलेली किंवा वाटाण्याएवढी झालेली गाठ पशुवैद्याला दाखवावी, हा व्यवहारात उपयोगी पडणारा नियम आहे; वेगाने वाढणारी, रक्त येणारी, फुटलेली, कमी-जास्त होणारी किंवा स्तनांच्या ओळीतील गाठ तर तितकाही वेळ न घालवता दाखवावी.

दवाखान्यात गेल्यावर पालकाने ‘ही कसली गाठ आहे’ असे विचारण्यापेक्षा ‘हिच्यातून सुईने पेशी काढून पाहता येतील का’ असे विचारावे. बोटांनी चाचपून चरबीची गाठ आहे असे सांगणे अनुभवी पशुवैद्यालाही मोहात पाडते, आणि नेमक्या याच ठिकाणी त्वचेखालचा मास्ट सेल ट्यूमर फसवतो. सुईची तपासणी, जिला एफएनएसी म्हणतात, ती बहुतेक वेळा भूल न देता होते. पशुवैद्य गाठ दोन बोटांत स्थिर धरून इंजेक्शनचीच बारीक सुई तिच्यात घालतो, दिशा थोडी बदलत चार-पाच वेळा आत-बाहेर करतो, सुई काढून हवेने भरलेली सिरिंज तिला जोडतो आणि आतला थेंब काचपट्टीवर उडवतो. तो पसरून वाळवला आणि रंगवला की सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसतात. लायपोमाचा थेंब काचेवर तेलासारखा चकाकतो आणि वाळतच नाही. मास्ट पेशी जांभळ्या कणांनी खच्चून भरलेल्या दिसतात आणि अनेकदा दवाखान्यातच ओळखू येतात. इतर गाठींसाठी काचपट्टी विकृतितज्ज्ञाकडे पाठवावी लागते. त्वचेच्या गाठींच्या बाबतीत सुईचे उत्तर आणि नंतरच्या बायॉप्सीचे उत्तर साधारण दहापैकी नऊ वेळा जुळते. पेशी पुरेशा न निघाल्यास तपासणी पुन्हा करावी, अहवालात काही सापडले नाही याचा अर्थ गाठ निर्दोष आहे असा घेऊ नये.

निदान होईपर्यंत काय करू नये, याचीही यादी मोठी आहे. चामखिळीला केस किंवा दोरा बांधणे, चुना, तंबाखू वा हळदीचा लेप लावणे, गाठ पिळून ‘घाण’ काढणे यांमुळे जखम व संसर्ग होतो आणि मास्ट सेल ट्यूमर असेल तर रसायनांचा लोंढा सुटतो. माणसांसाठी औषधाच्या दुकानात सहज मिळणारी स्टेरॉइडमिश्रित मलमे कुत्रा चाटतो ती वेगळीच गोष्ट. शिवाय मास्ट सेल ट्यूमर आणि लिम्फोमा (लसिकापेशींचा कर्करोग) हे दोन्ही स्टेरॉइडने तात्पुरते आक्रसतात, त्यामुळे पालक निर्धास्त होतो आणि सुईचे उत्तर गढूळ होते. निदानापूर्वी स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवले गेले तर आधी सुईची तपासणी करण्याचा आग्रह धरणे हा पालकाचा हक्क आहे आणि त्यात पशुवैद्याचा अवमान होत नाही.

शस्त्रक्रिया ठरली तर किती कापायचे हे निदानावर ठरते, आणि म्हणूनच सुई सुरीच्या आधी यावी लागते. लायपोमा त्याच्या पातळ आवरणातून अलगद सोडवता येतो, पण मास्ट सेल ट्यूमरभोवती प्रकारानुसार साधारण दोन ते तीन सेंटिमीटर निरोगी त्वचा आणि खालच्या बाजूस स्नायूवरील आवरणाचा एक थर सोबत काढावा लागतो. पहिलीच शस्त्रक्रिया ही बरे होण्याची सर्वांत चांगली संधी असते. ‘छोटीशी आहे, टाका घालून काढून टाकू’ म्हणून अपुरी काढलेली गाठ परत येते तेव्हा व्रणाच्या जागी मोकळी कातडी उरलेली नसते, आणि पायावर तर ती आधीच तुटपुंजी असते. काढलेली गाठ कचऱ्यात न टाकता पूर्णच्या पूर्ण १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, गाठीच्या सुमारे दहापट द्रवात, बायॉप्सीसाठी पाठवावी. खासगी प्रयोगशाळा जवळ नसेल तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी व उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या विकृतिशास्त्र विभागाकडे चौकशी करता येते. अहवालात प्रकार, त्याची प्रत म्हणजे घातकतेची पायरी, पेशीविभाजनाचा वेग आणि कापलेल्या कडा गाठीपासून मुक्त आहेत का, या चार गोष्टी शोधाव्यात. मास्ट सेल ट्यूमरसाठी १९८४ पासून वापरात असलेली तीन पायऱ्यांची पद्धत आणि २०११ पासूनची कमी व जास्त अशी दोन पायऱ्यांची पद्धत या दोन्ही अहवालात दिसू शकतात; त्या परस्परविरोधी वाटल्या तर गोंधळून न जाता पशुवैद्याकडून समजावून घ्याव्यात. शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या मास्ट सेल ट्यूमरसाठी टोसेरॅनिबसारखी पोटातून द्यावयाची औषधे आहेत, ज्यांना अमेरिकेत २००९ मध्ये मान्यता मिळाली. त्यांचा खर्च आणि दुष्परिणाम दोन्ही विचारात घ्यावे लागतात.

बारा-तेरा वर्षांच्या कुत्र्याला भूल द्यावी का, हा प्रश्न बहुतेक घरांत उपस्थित होतो. केवळ वय हे भूल नाकारण्याचे कारण नसते. हृदय, मूत्रपिंड व यकृत कसे आहे हे रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे आणि गरज पडल्यास ईसीजी पाहून ठरते. सुईने चरबीची ठरलेली व कुत्र्याला त्रास न देणारी गाठ या वयात तशीच ठेवणे शहाणपणाचे असते, आणि काखेत वाढून पायाची हालचाल अडवणारी तीच गाठ म्हाताऱ्या कुत्र्यातही काढणे योग्य ठरू शकते. मास्ट सेल ट्यूमर झालेल्या काही कुत्र्यांना पुढे अंगावर इतरत्र स्वतंत्र नव्या गाठी येतात, म्हणून शस्त्रक्रियेनंतर पहिल्या वर्षी तरी दर तीन महिन्यांनी संपूर्ण अंग आणि जवळच्या लसिकाग्रंथी तपासून घ्याव्यात, वहीतील जुनी छायाचित्रे व अहवालाची प्रत सोबत न्यावी, आणि जुन्या गाठीशेजारी आलेली नवी गाठ ‘तीच असणार’ असे न धरता तिच्यातूनही पुन्हा सुईने पेशी काढून पाहाव्यात.